मशीनबाईंची रेघ

कोर्टात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वकील, शिपाई, कारकून, सगळे त्यांच्या पाठीमागे "मशीनबाई" म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. दुसरी एखादी असती तर भांडायला उठली असती. बाई मात्र मनातून सुखावत. एकोणतीस वर्षं त्या स्टेनो होत्या. साक्षीदार रडो, ओरडो, भोवळ येऊन पडो, बाईंची पेन्सिल थांबायची नाही. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आज काय झालं कोर्टात?" की ठरलेलं उत्तर मिळायचं, "मला काय माहीत? कानातून आलं, हातातून गेलं. डोक्याचा मध्ये काही संबंध नाही." हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की त्यांच्या निरोपसमारंभात एका सरकारी वकिलाने तेच भाषणात वापरलं आणि वर टाळ्याही घेतल्या.

निवृत्तीला सहा वर्षं झाल्यावर एका मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात तिशीतली एक पोरगी. खांद्याला भलीमोठी पिशवी, एका बुटाची नाडी सुटलेली.

"मी वर्तमानपत्रातून आले. जुन्या खटल्यांवर लिहिते."

"आम्ही पेपर घेतो," बाई म्हणाल्या आणि दार लोटायला लागल्या.

"विकायला नाही आले हो. विचारायला आले. चौदा वर्षांपूर्वीचा कापड दुकानदाराच्या खुनाचा खटला. टेलरला जन्मठेप झाली तो. स्टेनो तुम्ही होतात."

"असेन. मला काही आठवत नाही."

दार लागलंही असतं. पण आतून बाईंच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, उन्हातून आलीय ती, पाणी तरी दे." हे यजमान म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त मीटर रीडर. आयुष्यभर लोकांच्या दारात उन्हात उभे राहिलेले. दारात उभ्या असलेल्या माणसाचा त्यांना भारी कळवळा.

पोरगी आत आली, दोन ग्लास पाणी प्यायली आणि बोलायला लागली. टेलरची थोरली बहीण वर्षभर वर्तमानपत्राच्या कचेरीत खेटे घालत होती. तिचं म्हणणं कुणी मनावर घेत नव्हतं. "माझा भाऊ निर्दोष आहे" असं तुरुंगातल्या प्रत्येकाचीच बहीण म्हणते. शेवटी एकदा तिने हॉस्पिटलचा एक चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला. खुनाच्या तीन वर्षं आधी टेलर शिडीवरून पडला होता आणि त्याचा उजवा खांदा कायमचा जाम झाला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. शर्ट घालायचा तर आधी उजवी बाही, तीही कमरेत वाकून. दुकानाच्या मालकाशी त्याचं भांडण झालं तेही त्यावरूनच. कापड बेतायचं टेबल जरा बुटकं करून द्या, एवढंच तो मागत होता. मालकाने टेबल नाही कापलं, टेलरला कामावरून कमी केलं. पुढे महिन्याभराने मालकाचा खून झाला तेव्हा कोर्टाच्या कागदात त्या भांडणाचं झालं "कामावरून वाद", आणि तोच खुनाचा हेतू ठरला.

"मग मी ते दुकान बघून आले," पोरगी म्हणाली. "शटर पूर्ण वर असलं की त्याची कड साडेआठ फुटांवर जाते. खाली ओढायला आकडीची काठी वापरतात. आणि पोलिसांच्याच फोटोत ती काठी दुकानाच्या आत पडलेली दिसते. मग खुन्याने बाहेर येऊन शटर खाली ओढलं कसं? एकच माणूस सांगू शकत होता. सकाळी पाव टाकत फिरणारा तो पाववाला. तोच एकटा साक्षीदार. तो तर तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या साक्षीत फक्त एवढंच आहे, 'आरोपीने दुकानाचे शटर ओढून बंद केले व तो बाजाराच्या दिशेने निघून गेला.' तो एवढंच बोलला होता का, बाई?"

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ती खरी वाटत नाही. साक्षीदार जे बोलतो ते जसंच्या तसं कागदावर उतरतं अशी आपली सगळ्यांची समजूत. तसं नसतं. साक्षीदार पाल्हाळ लावतो, स्वतःचं दुखणं सांगतो, मधेच शेजाऱ्याला शिव्या घालतो. न्यायाधीश ऐकतात, त्यातलं कामाचं काय ते मनाशी ठरवतात आणि स्वतःच्या शब्दांत स्टेनोला सांगतात. स्टेनो ते टाइप करतो. खाली साक्षीदार सही ठोकतो. बहुतेक न वाचताच, कारण तोवर त्याला घरी जायची घाई झालेली असते. अपिलात वरचे न्यायाधीश वाचतात तो हा कागद. माणूस काय बोलला ते हवेत विरून गेलेलं असतं.

मशीनबाईंच्या बाबतीत मात्र विरलेलं नव्हतं. त्यांना एक खोड होती. साक्षीदार बोलत असताना बाकीचे स्टेनो खिडकीबाहेर बघत, नखं कुरतडत, साहेब कधी सांगतात याची वाट पाहत. बाई मात्र साक्षीदाराचं बोलणं शब्दन् शब्द शॉर्टहँडमध्ये वहीत उतरवून घेत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला त्याचा उपयोगही नव्हता. हाताचा वेग राहावा म्हणून, असं त्या म्हणत. खरं तर मिरवायला. मग साहेब सांगत ते थेट टाइप करत आणि संध्याकाळी वहीतल्या प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारत. पान संपलं, काम झालं.

"मला आठवत नाही," बाई पुन्हा म्हणाल्या. "मशीनला काय आठवणार?"

"मशीनला नाही, पण ट्रंकेला आठवत असेल," यजमान हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवत म्हणाले. "लोकांच्या बायका ट्रंकेत साड्या ठेवतात. आमच्याकडे शॉर्टहँडच्या वह्या ठेवल्यात. किती वर्षं म्हणतोय मी, रद्दीत घाल."

बाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की तो माणूस चहा टाकायला आत निघून गेला. पण आता बोलून चुकला होता. पोरगी उठून उभी राहिली होती.

वह्या नष्ट करायचा नियम होता. तीन वर्षांनी यादी करायची, सही करायची, वह्या जाळायला द्यायच्या. बाईंनी दर वेळी यादी केली, सही केली आणि वह्या पिशवीतून घरी आणल्या. आपल्या हातचं देखणं काम भट्टीत कसं घालायचं, एवढंच त्यामागे होतं. त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. वह्यांवर तारखा होत्या. हवी ती वही दहा मिनिटांत सापडली, पान त्याहून लवकर. बाईंनी चष्मा लावला, तिरक्या रेघेखालच्या बारीक वळणांवरून, गाठींवरून बोट फिरवलं आणि सपाट आवाजात वाचलं.

"'शटर लई उंच होतं साहेब. त्या माणसानं उडी मारली, दोन्ही हातांनी कड पकडली आणि लोंबकळत खाली आणलं. मी म्हटलं, बाप रे, काय ताकद आहे गड्याच्या हातात.'"

पोरगी खाली बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि मग एकदम मोठ्याने हसली. ते हसू आनंदाचं नव्हतं. चौदा वर्षं एक माणूस आत सडत होता आणि त्याच्या सुटकेचा कागद या घरात पलंगाखाली धूळ खात होता. दुसरं काय करणार ती?

बाई हसल्या नाहीत. त्यांना धक्काही बसला नाही, आणि पोरगीच्या नजरेतून निसटलं ते हेच.

कारण बाईंना आठवत होतं. पहिल्यापासून. पाववाला ते बोलला तेव्हा त्यांनी मान वर करून आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं होतं. भयंकर उकाडा होता. टेलर घाम पुसत होता आणि पुसताना हात कपाळाकडे नेत नव्हता, कपाळ हाताकडे नेत होता. सकाळपासून त्या ते बघत होत्या. मग साहेबांनी वाक्य सांगितलं, "आरोपीने दुकानाचे शटर ओढून बंद केले", आणि बाईंची बोटं टाइपरायटरवर थांबली. एकोणतीस वर्षांत तेवढी एकदाच.

"काय झालं?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"साहेब, ते दोन्ही हातांचं—"

"कसले हात? पुढे घ्या."

टेलरचा वकील कोर्टानेच नेमून दिलेला होता. तो तेव्हा टेबलाखाली पडलेला कागद शोधत होता. त्याने अशिलाला एवढंच शिकवून ठेवलं होतं की काहीही विचारलं तरी "हे खोटं आहे" म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. टेलर बिचारा तेच म्हणत राहिला. बाईंनी पुढे घेतलं. संध्याकाळी पानावर रेघ मारली. एकदा मधे बोललं की आपण मशीन राहत नाही, आणि मशीन असण्याचा त्यांना फार अभिमान होता. एवढ्याचसाठी त्या मूग गिळून गप्प बसल्या. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

पोरगीने लेख लिहिला. पहिल्या पानावर आला, वहीच्या फोटोसकट. आता काहीतरी हलेल असं सगळ्यांना वाटलं. हललं ते एवढंच की बाईंना खात्याची नोटीस आली: सरकारी वह्या घरी कशा, याचा खुलासा करा.

त्यानंतरचे आठ महिने कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. टेलरच्या बाजूने एक वकीलबाई उभ्या राहिल्या, त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला आणि वही कोर्टात जमा करायला बाईंना रेकॉर्ड विभागात पाठवलं. तिथला कारकून त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने कपाटातून यादी काढली.

"बाई, ही वही नष्ट झालीय."

"अरे, नष्ट कशी? ही बघ माझ्या हातात."

"यादीत नष्ट आहे. खाली सही आहे."

"माझीच आहे ती सही."

"मग झालं तर. नष्ट झालेली वस्तू मी जमा कशी करून घेऊ? आवक रजिस्टरात काय लिहू? राखेतून आली?"

"मग मी काय करू?"

"सही चुकून झाली असं लिहून द्या. पण ते लिहून घ्यायचा अधिकार मला नाही. वरच्या मजल्यावर जा."

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी खाली पाठवलं. खालच्यांनी शेजारच्या इमारतीत. शेजारच्या इमारतीत ज्या बाई हे काम बघत त्या रजेवर होत्या आणि त्यांच्या टेबलावर बसलेले गृहस्थ "मी फक्त टेबल सांभाळतोय" म्हणाले. मशीनबाई वही छातीशी धरून जिने चढत, जिने उतरत. ज्या इमारतीत त्यांनी अख्खी उमर घालवली तिथे दाराशी त्यांना विचारलं जाई, "कुणाकडे जायचंय?" संतापाने त्यांचे कान तापत. आणि मग एक गोष्ट ध्यानात येऊन संताप आणखी वाढे: टेलरची बहीण हे चौदा वर्षं करत होती, आणि त्यातली आठ वर्षं, बाई निवृत्त होईपर्यंत, ती याच जिन्यावर बाईंच्या शेजारून गेली असणार.

ही बहीण एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, बोलणं मोजकं. वहीची बातमी कळल्यावर ती घरी आली आणि काही न बोलता बाईंच्या पाया पडली. तेव्हापासून "मावशी" म्हणायला लागली. प्रत्येक तारखेला बाईंसाठी बाकावर रुमाल टाकून जागा धरून ठेवायची. बाईंना ती "मावशी" म्हणाली की त्या चष्मा काढून पुसायला लागायच्या.

वही अखेर जमा झाली ती वकीलबाईंनी तिसरा अर्ज केल्यावर. मग ती शॉर्टहँडच्या तज्ज्ञाकडे गेली. तज्ज्ञाने दोन महिने ठेवून घेतली आणि अहवाल दिला: लिपी मूळ पद्धतीपासून फार दूर गेलेली आहे, मजकूर खात्रीने वाचता येत नाही. तीस वर्षं एकच हात लिहीत राहिला की खुणा त्याच्या घरच्या होतात. पूर्वी बाई हे कौतुकाने सांगायच्या, "माझं मलाच वाचता येतं हो." आता तेच गळ्याशी आलं. सुनावणी तीनदा पुढे ढकलली गेली. एकदा सरकारी वकील आजारी, एकदा न्यायाधीश प्रशिक्षणाला, एकदा टेलरला तुरुंगातून आणणारी गाडी बंद पडली.

"गाडी बंद पडली!" यजमान वैतागले. "माणूस चालत येऊ शकला असता की. पळून जाणार होता होय? सुटायलाच येत होता तो."

सुनावणीच्या आदल्या दिवशी वकीलबाईंनी बाईंना ऑफिसात बसवून समजावलं. "तुम्ही तुमच्या जुन्या वाक्याला धरून राहा. कानातून आलं, हातातून गेलं. तुमची स्वतःची काही आठवण नाही, काही मत नाही. वहीत आहे ते वाचायचं. मशीन म्हणूनच उभ्या राहा, त्यातच ताकद आहे."

बाईंनी मान हलवली. घरी येऊन मात्र स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता त्यांनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. थांबलेली बोटं, "पुढे घ्या", सगळं.

"मला कधी बोलली नाहीस."

"कुणालाच नाही बोलले."

"मग आता तरी कशाला? वही बोलतेय ना, बोलू दे तिला. तू सांगितलंस तर तुझ्यावरच येईल. आणि ती इस्त्रीवाली... तिला काय वाटेल?"

बाईंनी उरलेली भाजी चिरली. त्यांनाही ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या त्याच खोलीत, आयुष्यात पहिल्यांदा, त्या साक्षीदाराच्या जागी उभ्या राहिल्या. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला होता, पंखा तोच होता. टेलर मागच्या बाजूला दोन पोलिसांच्या मधे बसला होता. केस पांढरे झालेले. बाईंनी पान वाचून दाखवलं. आवाज चांगला खणखणीत लागला. मग सरकारी वकील उठले. निरोपसमारंभात टाळ्या घेतल्या होत्या तेच हे.

"बाई, तुमचं एक वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. कानातून आलं, हातातून गेलं. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे पाववाला काय बोलला ते तुम्हाला आठवत नाही. तुम्ही फक्त या खुणा वाचता. आणि या खुणा तज्ज्ञालाही खात्रीने वाचता येत नाहीत. तुम्ही म्हणाल तोच अर्थ."

बाईंनी वहीचं पान बोटाने सारखं केलं.

"बरं, पानावर ही तिरकी रेघ. स्टेनोला प्रशिक्षणात काय शिकवतात? रेघ कधी मारायची?"

"पानावरचं सगळं टाइप झालं की."

"सगळं. मग टाइप केलेल्या कागदात दोन हात नाहीत, उडी नाही, लोंबकळणं नाही. रेघ खरी असेल तर ते पानावरही असू शकत नाही. खुणा ठरवून वाचल्या जातायत. की तुमची रेघ खोटी?"

वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या. न्यायाधीशांनी त्यांना बसवलं. "उत्तर द्या."

घोडं कुठे अडलंय ते बाईंना स्वच्छ दिसत होतं. आयुष्यभर त्यांनी हजारो उलटतपासण्या उतरवल्या होत्या. कोणत्या प्रश्नावर माणूस संपतो ते त्यांना कळत होतं. मशीन म्हणून त्या उभ्या राहिल्या तर वही म्हणजे नुसत्या रेघोट्या. टेलरसाठी आता एकच साक्षीदार उरला होता, आणि तो म्हणजे त्या दिवशी गप्प बसलेली ही बाई. त्यांनी मागे पाहिलं. बहीण बाकावर होती, शेजारच्या जागेवर रुमाल.

"रेघ खोटी आहे," बाई म्हणाल्या. "आणि मला आठवतं."

"काय आठवतं?"

"सगळं. पाववाल्याने दोन्ही हात वर करून दाखवले होते, असे. मी आरोपीकडे बघितलं. त्याचा हात वर जात नव्हता, घाम पुसायलासुद्धा. मला तेव्हाच कळलं. मी साहेबांना म्हटलं, दोन्ही हातांचं राहिलं. ते म्हणाले, पुढे घ्या. मी घेतलं. संध्याकाळी रेघ मारली. कानातून आलं, हातातून गेलं, हे मी लोकांना सांगते ते खोटं आहे. डोक्यातून गेलं होतं."

"आणि चौदा वर्षं तुम्ही गप्प बसलात?"

"हो. बसले."

खोलीत कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला आणि कॉम्प्युटरवाल्या स्टेनोकडे वळून सांगितलं, "साक्षीदार मान्य करते की पानावरील रेघ तिनेच मारली असून ती चौदा वर्षे गप्प राहिली. सदर प्रसंग आपल्याला आठवतो असे तिचे म्हणणे आहे."

कागद छापून बाहेर आला. शिपायाने तो बाईंपुढे सहीला ठेवला, पेनही उघडून दिलं. बाईंनी चष्मा लावला, कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि परत सरकवला.

"यात पाववाल्याचे हात नाहीत."

"बाई, हा सारांश असतो," न्यायाधीश म्हणाले. "तुम्हाला सांगायला हवं का?"

"मला नको सांगायला. मी एकोणतीस वर्षं सारांशच टाइप केले. मी सही करणार नाही."

"सही नाकारली अशी नोंद करावी लागेल."

"करा. का नाकारली तेही लिहा. तेसुद्धा माझ्याच शब्दांत."

सरकारी वकील हसले. न्यायाधीशांनी घड्याळ बघितलं. बाहेर अजून अकरा प्रकरणं खोळंबली होती. कागद दुसऱ्यांदा छापला. त्यात हात आले, पण घाम पुसणं गेलं. बाईंनी परत केला. तिसऱ्या वेळी "पुढे घ्या" गळलं. ते न्यायाधीशांना मुळीच घालायचं नव्हतं, आपल्याच माजी सहकाऱ्याचं कसं घालणार? बाई कठड्याला धरून उभ्या. गुडघे दुखत होते आणि मनात एकच विचार येत होता: हे एवढंच करायचं होतं. तेव्हाही एवढंच करायला हवं होतं. चौथ्या कागदात तेही आलं. तो त्यांनी दोनदा वाचला आणि सही केली.

न्यायाधीशांनी अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली. सरकारी पक्षाला जुन्या न्यायाधीशांना साक्षीला बोलवायचं होतं. ते परगावी मुलाकडे राहत होते आणि त्यांची तब्येत बरी नसे. टेलरला उठवून घेऊन गेले. जाताना त्याने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते बाईंना कळलं नाही.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात पोरगी वहीत भराभर काहीतरी लिहीत होती. वकीलबाई फोनवर होत्या. चेहऱ्यावरून त्या खूश आहेत की चिडलेल्या, सांगता येत नव्हतं. बहीण बाकाच्या टोकाला बसली होती. तिने रुमाल उचलून घडी करून हातात धरला होता. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला वाटलं होतं," बहीण हळू म्हणाली, "तुम्हाला ती वही उघडल्यावर कळलं."

"नाही."

"त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मी तिथेच होते त्या दिवशी. मागच्या बाकावर. तुम्ही मशीनवर बसला होतात. तुमची बोटं थांबली तेव्हा मी बघितलं होतं. मला वाटलं, कागद अडकला असेल." तिचा आवाज चढला, मग फाटला. "आमची आई तेव्हा होती हो. त्यानंतर तीन वर्षं होती."

बाईंना क्षमा मागायची होती. शब्द जिभेवर आला आणि इतका तोकडा वाटला की त्यांनी तो गिळला. पोरगी लिहायची थांबली होती.

बहिणीने डोळे पुसले, उठली आणि तारखेचा कागद आणायला कारकुनाच्या खिडकीकडे निघाली.

"मी येईन पुढच्या तारखेला," बाई मागून म्हणाल्या.

ती वळली. "यायलाच लागेल तुम्हाला, बाई," ती म्हणाली. मावशी म्हणाली नाही. "तो सुटेपर्यंत यायला लागेल."